पहिल्या पानावरचे पाच आकडे

पार्श्वभूमी

देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत काम करू पाहणाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या एका छोट्या संस्थेतली ही गोष्ट आहे. समुपदेशक, निवारागृहातल्या कार्यकर्त्या, नुकतीच वकिली सुरू केलेली मुलेमुली यांच्यासाठी तिथे दोन-दोन दिवसांची शिबिरे होतात आणि शिबिरात एक पुस्तिका वाटली जाते. ती बरीच वर्षे होती तशीच छापली जात होती. नवी आवृत्ती काढायचे ठरले आणि भाषेवरून हात फिरवायला ती माझ्याकडे आली. संस्थेचे आणि माणसांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत. निर्णय, चुका आणि त्यांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, चौकटीत, मोठ्या टायपात पाच आकडे होते. धंद्यात येण्याचे सरासरी वय १३ वर्षे. अशा स्त्रीचे सरासरी आयुष्य ३४ वर्षे. ८९ टक्के स्त्रियांना यातून बाहेर पडायचे असते. फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी ४०,००० स्त्रियांची तस्करी होते. पाचवे वाक्य असे: दीडशे देशांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे की वेश्याव्यवसाय कायदेशीर केला की तस्करी वाढते. एकाही आकड्याखाली तो कुठून आला हे लिहिलेले नव्हते.

हे पान लिहिले होते संस्थेच्या सर्वांत जुन्या प्रशिक्षक ताईंनी. त्यांनी या कामात अर्धे आयुष्य घातले आहे. आकडे फुगवून कुणाला फसवावे असे त्यांच्या मनातही येणार नाही. त्यांनी ते एका पत्रकातून घेतले होते, त्या पत्रकाने दुसऱ्या अहवालातून, आणि प्रत्येक मुक्कामाला एखादा शब्द गळत गेला होता.

आकडा कुठे अडला

माझे काम ऱ्हस्व-दीर्घाचे. तरी ‘सरासरी वय १३’ या ओळीशी मी थांबले, ते शाळेतल्या गणितामुळे. सरासरी १३ यायची असेल तर अठराव्या वर्षी आलेल्या प्रत्येक मुलीच्या जोडीला आठव्या वर्षी आलेली एक मुलगी हवी. पंचविसाव्या वर्षी आलेली एक बाई धरली तर तिला तोलायला नऊ वर्षांच्या तीन मुली लागतील. आमच्या शिबिरात बोलायला येणाऱ्या बायका तर बहुतेक विशीत, काही तिशीतसुद्धा या कामाला लागलेल्या. कुणाचा नवरा वारला होता, कुणाला दुसऱ्या कामात पोट भरत नव्हते. या बायका त्या सरासरीत बसतच नव्हत्या.

मूळ शोधत मागे गेले तेव्हा हा आकडा बहुतेक वेळा २००१ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाच्या नावावर सांगितला जातो असे दिसले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एस्टेस आणि वायनर यांचा तो अभ्यास होता, लैंगिक शोषण झालेल्या मुलांविषयी. त्यात मुलींचे या चक्रात सापडण्याचे वय १२ ते १४ दिले आहे. पण अभ्यास अठरा वर्षांखालच्यांचाच होता. ज्यांना विचारले ती सगळी मुलेच असतील तर येण्याचे वय अठराच्या आतच निघणार. विसाव्या वर्षी आलेली बाई त्या यादीत असूच शकत नाही. मूळ वाक्य मुलांबद्दल होते. ‘शोषण झालेल्या मुलांमध्ये’ एवढे तीन शब्द वाटेत गळले आणि ते जगातल्या सगळ्या बायकांचे वाक्य झाले.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा याहून लांब गेला आहे. सुमारे तीन लाख मुले ‘धोक्यात’ असल्याचा तो अंदाज होता. धोक्यात कोण, तर घरातून पळालेली, हाकललेली, बेघर मुले, सरकारी घरकुलांत राहणारी, इतकेच काय सीमेजवळ राहणारीही. एकच मूल दोन-तीन गटांत मोजले जाऊ शकत होते. पुढे ‘धोक्यात’ हा शब्द पडला आणि ‘तीन लाख मुलांची तस्करी’ असे मथळे झाले. हा आकडा आमच्या पुस्तिकेत नव्हता, पण शिबिरातल्या भाषणात मी तो ऐकला होता.

मग मी उरलेले चारही काढून बसले.

चौतीसचा आकडा तपासताना मला सर्वांत जास्त वाईट वाटले, कारण त्यामागचा अभ्यास चांगला आहे. अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज शहरात १९६७ ते १९९९ या काळात नोंद झालेल्या १,९६९ स्त्रियांचे पुढे काय झाले याचा संशोधकांनी माग घेतला. तो निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात ज्या वारल्या त्यांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३४ निघाले. ज्या जिवंत होत्या, पन्नाशीला पोचल्या होत्या, त्या या सरासरीत नाहीत. नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्यांपैकी पुढच्या दहा वर्षांत जे वारले त्यांचे सरासरी वय काढले तर ते तिशीच्या आतच येईल. त्यावरून सगळ्या वर्गाचे आयुष्य तेवढेच असे कुणी म्हणणार नाही. ‘सरासरी आयुष्य ३४’ हे त्या संशोधकांचे म्हणणेच नव्हते.

त्यांचे म्हणणे दुसरे होते आणि ते अंगावर येणारे आहे. काम करत असतानाच्या काळात खून होण्याचे प्रमाण त्यांनी दर लाखामागे २०४ असे काढले. तुलनेला त्यांनी १९८० च्या दशकातल्या अमेरिकेतले सर्वांत धोक्याचे नेहमीचे व्यवसाय घेतले: टॅक्सी चालवणाऱ्या पुरुषांमध्ये हे प्रमाण लाखामागे २९ होते, दारूच्या दुकानात काम करणाऱ्या बायकांमध्ये ४. म्हणजे एका शहरापुरती का होईना, नीट मोजलेली गोष्ट हाताशी होती, आणि ती टाकून आम्ही चुकीची छापत होतो. बायका मारल्या जात आहेत हे ‘आयुष्य ३४’ या वाक्यातून कळत नाही. जणू हे काम म्हणजे एखादा आजार आहे आणि तो हळूहळू खातो, असे काहीतरी वाचणाऱ्याच्या मनात उरते.

८९ टक्क्यांचा आकडा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेलिसा फार्ली आणि सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या पाहणीतला. नऊ देश, ८५४ जण. आकडा खरा आहे, पण कुणाला विचारले ते पाहावे लागते. काही देशांत रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया, काही ठिकाणी मदत मागायला संस्थांकडे आलेल्या, जर्मनीत तर व्यसनात अडकलेल्यांसाठीच्या केंद्रातल्या. बाहेर पडायला मदत करणाऱ्या संस्थेच्या दारात उभे राहून ‘बाहेर पडायचे आहे का’ विचारले तर बहुतेक जणी हो म्हणणारच. त्या हो म्हणाल्या हे महत्त्वाचेच आहे. पण ते ‘सगळ्या स्त्रियांपैकी ८९ टक्के’ होत नाही. कॅनडात देहविक्रयाच्या कायद्यांना आव्हान देणाऱ्या बेडफर्ड खटल्यात २०१० साली ओंटारियोच्या न्यायाधीश सुसान हिमेल यांनी फार्ली यांच्या साक्षीला कमी वजन दिले होते.

४०,००० चे फार सांगण्यासारखे नाही. २००६ च्या जर्मनीतल्या विश्वचषकाआधी तो जगभर छापला गेला. स्पर्धेनंतर जर्मनीने युरोपीय संघाच्या परिषदेला दिलेल्या अहवालात तपासाची ३३ प्रकरणे होती आणि त्यांपैकी पाचांचा संबंध स्पर्धेशी जोडता येत होता. तरी २०१० साली दक्षिण आफ्रिकेच्या वेळी हाच आकडा, एकही शून्य न बदलता, पुन्हा आला.

दीडशे देशांचा अभ्यास चो, ड्रेहर आणि नॉयमायर यांचा, २०१३ चा. त्यांनी देशोदेशी कुणी किती बळी मोजले हे घेतलेले नाही, कारण तशी मोजणीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाच्या २००६ च्या अहवालातल्या श्रेणी त्यांनी वापरल्या, आणि त्या श्रेणी १९९६ ते २००३ या काळात कोणत्या देशाचा उल्लेख अहवालांत आणि बातम्यांत किती वेळा आला यावर बेतलेल्या होत्या. जिथे पोलीस, पत्रकार आणि संस्था जास्त नोंदी ठेवतात तो देश वर दिसणार. लेखक स्वतः ‘नोंदवलेली’ तस्करी असाच शब्द वापरतात आणि आपल्या माहितीच्या मर्यादा सांगतात. ‘सिद्ध झाले’ हे आमचे.

शब्दांची अडचण

भाषेचे काम करणारी म्हणून इथे थोडे थांबते. पुस्तिकेत न्यूझीलंड आणि जर्मनी या दोघांसाठी ‘कायदेशीर केले’ हा एकच शब्द होता. न्यूझीलंडने २००३ साली प्रौढांच्या या कामावरचे फौजदारी गुन्हे काढले आणि ते बऱ्याच अंशी इतर कामांच्या नियमांखाली आणले. तरीही तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या परदेशी बाईला तिथे हे काम करता येत नाही. जर्मनीने २००२ साली कायदा केला आणि २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली. स्वीडनने १९९९ साली तिसरीच वाट धरली: विकणारीला शिक्षा नाही, विकत घेणाऱ्याला आहे. या तीन वाटांचे परिणाम एका शब्दाखाली कोंबले की कुठलाही आकडा कुठल्याही बाजूला लावता येतो.

‘तस्करी’चेही तेच. हा शब्द ऐकला की सीमा ओलांडणारा ट्रक डोळ्यांसमोर येतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो करारात मात्र सीमा ओलांडण्याची अट नाही. जबरदस्ती, फसवणूक, अगतिकतेचा गैरफायदा आणि शोषणाचा हेतू या गोष्टी पाहायच्या असतात. अठरा वर्षांखालचे मूल असेल तर जबरदस्ती दाखवावीही लागत नाही. शेजारच्या गल्लीतून आणलेली मुलगी तस्करीची बळी असू शकते आणि स्वतः ठरवून दुसऱ्या देशात गेलेली बाई नसू शकते. आमच्या जुन्या पुस्तिकेतली व्याख्या वाचून नेमके उलटे वाटत होते.

पर्याय

संपादकांसमोर मी तीन रस्ते ठेवले. चौकट काढून टाकायची आणि पहिले पान साध्या परिच्छेदाने सुरू करायचे. किंवा आकडे ठेवायचे आणि खाली बारीक टायपात खुलासे द्यायचे. किंवा प्रत्येक आकडा त्याच्या मूळ वाक्यासह, कुणाला विचारले आणि कुठे, हे सांगून लिहायचे.

दुसरा रस्ता सगळ्यांना सोपा वाटला, मला तो सर्वांत वाईट वाटला. मोठ्या टायपातला आकडा लक्षात राहतो आणि खालचा खुलासा कुणी वाचत नाही. शिवाय शिबिरातून परत गेलेली कार्यकर्ती गावच्या बैठकीत खुलासा सांगत नाही, आकडा सांगते.

एक चौथा पर्यायही बोलला गेला, दबक्या आवाजात: काहीच करू नये. ‘हेतू चांगला आहे ना? मग आकडा थोडा इकडे तिकडे झाला तर काय बिघडले?’ हा प्रश्न मला विचारणारी व्यक्ती प्रामाणिक होती. त्या दिवशी मला त्यावर नीट उत्तर देता आले नाही. ते पुढे, वेगळ्याच ठिकाणाहून मिळाले.

बैठक

निर्णयाची खरी जागा इथे होती आणि इथेच मी कमी पडले.

संपादक, प्रशिक्षक ताई, कायद्याचे काम पाहणारा सहकारी आणि समुपदेशक ताई अशी बैठक बसली. मी टिपणे वाचायला सुरुवात केली. ‘सरासरी वय १३ हा आकडा चुकीचा आहे’ हे माझे पहिलेच वाक्य. समुपदेशक ताई काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी चौदाव्या वर्षी या लाइनीत आले. तुम्हाला माहीत आहे ते. मग चुकीचं काय?”

मला माहीत होते. सगळ्यांनाच माहीत होते. मी मात्र त्यांच्याशी आधी न बोलता तो कागद घेऊन बैठकीत गेले होते.

मी घाईघाईने म्हणाले, तुमचे खरेच आहे ताई, सरासरीचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी शांतपणे सांगितले, “मी शिबिरात माझं सांगते तेव्हा कुणीतरी मागून म्हणतंच, हिच्या एकटीचं झालं असेल. तेव्हा मी पहिल्या पानावरच्या चौकटीकडे बोट दाखवते. तो आकडा गेला तर मी कशाकडे बोट दाखवू?”

आकडा तपासताना मी संशोधकांचा, नमुन्याचा, वाटेत गळलेल्या शब्दांचा विचार केला होता. या आकड्याला टेकून कुणी उभे असेल असे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. त्या दिवशी काही ठरले नाही आणि ते बरे झाले. मी त्यांना नंतर भेटले, दोनदा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०२१ सालासाठीचा अंदाज त्यांना दाखवला: जगात सुमारे ६३ लाख लोक सक्तीच्या लैंगिक शोषणात आहेत, त्यांत सुमारे १७ लाख मुले. हाही अंदाजच आहे, पण कसा काढला ते लिहिलेले आहे आणि कुणाला मोजले तेही: सक्तीने अडकवलेले प्रौढ आणि सगळी मुले. देहविक्रय करणाऱ्या सगळ्यांची ही मोजणी नाही. ताईंनी आकडा दोनदा वाचला. “म्हणजे मी यात आहे,” म्हणाल्या. मग, “आणि आपल्याकडे येणारी ती तिशीतली, पोरांच्या फीसाठी करणारी, ती यात नाही.” मी हो म्हटले. “मग हा बरा. तिला उगाच माझ्यात ढकलत नाही.”

माझी चारही पाने टिपणे मिळून जे सांगू शकली नव्हती ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

रिकाम्या जागेत काय भरले गेले

चौकट काढायचे ठरले. पण पहिले पान रिकामे दिसायला लागले आणि कायद्याच्या सहकाऱ्याने नवा मसुदा दिला. त्यात तीन नवे आकडे होते. गुन्हा मानणे बंद केले की एचआयव्ही ४६ टक्क्यांनी कमी होतो. अमेरिकेतल्या रोड आयलंड राज्यात बलात्कार ३० टक्क्यांनी घटले. न्यूझीलंडमध्ये हिंसा थांबली.

मी हे पान शुद्धलेखन तपासून पुढे पाठवले. स्पष्ट सांगते, कारण या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक हीच आहे. या आकड्यांचा कल माझ्या मताकडे होता. मला वाटते की या स्त्रियांना गुन्हेगार ठरवून त्यांचे भले होत नाही. म्हणून आधीच्या पाच आकड्यांशी मी जशी थांबले तशी इथे थांबले नाही. छपाईला जाण्याआधी प्रशिक्षक ताईंनीच फोन केला: “माझे पाच तू उलटेपालटे करून पाहिलेस. हे तीन पाहिलेस का?”

पाहिले तेव्हा हे निघाले. एचआयव्हीचा आकडा २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निबंधातला. कॅनडातले व्हँकुव्हर, केनियातले मोम्बासा आणि कर्नाटकातले बळ्ळारी या तीन ठिकाणांसाठी गणिती प्रारूप मांडून संशोधकांनी अंदाज केला होता की गुन्हा मानणे बंद झाले तर पुढच्या दहा वर्षांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांची गिऱ्हाइके यांच्यातले ३३ ते ४६ टक्के नवे संसर्ग टळू शकतील. घडलेल्या गोष्टीची ती मोजणी नाही. दोन टोकांतले फक्त वरचे टोक उचलले होते, दहा वर्षे गळली होती, आणि ‘कुणातले संसर्ग’ हेही गळले होते.

रोड आयलंडमध्ये कायद्यातल्या एका फटीमुळे २००३ ते २००९ या काळात बंद दाराआडचा देहविक्रय गुन्हा राहिला नव्हता. कनिंगहॅम आणि शाह या अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळात नोंदवलेले बलात्कार सुमारे ३० टक्क्यांनी आणि स्त्रियांमधला परमा (गनोरिया) सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. अभ्यास कसोशीने केलेला आहे. पण एका लहान राज्याचा आणि सहा वर्षांचा तो अनुभव जगभरचा नियम म्हणून छापता येत नाही. मला त्यातली दुसरी गोष्टही टोचते: इतर बायकांवरचे अत्याचार कमी व्हावेत म्हणून या बायकांचे काम चालू द्यावे, असा सूर त्या एका ओळीतून निघतो. तिची स्वतःची सुरक्षितता त्या वाक्यात कुठेच नसते.

न्यूझीलंडच्या कायद्याचा आढावा घेणाऱ्या समितीचा २००८ चा अहवाल मी पुन्हा उघडला. ६० टक्क्यांहून जास्त जणींनी सांगितले होते की कायद्यानंतर गिऱ्हाइकाला नाही म्हणणे सोपे झाले. त्याच अहवालात हेही आहे की हिंसेबाबत हा कायदा फारसे काही करू शकत नाही असे बहुसंख्यांना वाटत होते. ‘हिंसा थांबली’ असे त्या अहवालात नाही. दुसऱ्या बाजूने जो आरोप होतो, की कायद्याने बाजार फुगला, तोही त्यात टिकत नाही: क्राइस्टचर्चमध्ये १९९९ साली ३७५ जणी मोजल्या गेल्या होत्या, २००६ साली ३९२.

स्वीडनच्या बाबतीतही तसाच सांभाळून शब्द निवडावा लागला. २०१० च्या सरकारी आढाव्याने रस्त्यावरचा देहविक्रय निम्मा झाल्याचे म्हटले. पण खरेदीवरची बंदी राहणारच हे गृहीत धरूनच त्या समितीला काम दिले होते, आणि त्याच दहा वर्षांत मोबाइल आणि इंटरनेट आल्याने सगळीकडेच रस्त्यावरचे काम आत सरकत होते.

काय छापले

दुसऱ्यांदा चौकट काढली ती कायमची. पहिल्या पानावर आता एकही आकडा नाही. तिथे समुपदेशक ताईंची गोष्ट द्यावी असे मी सुचवले होते. त्यांनी विचार करायला दिवस मागून घेतले आणि नाही म्हणाल्या. तोंडाने सांगते, छापायची नाही, कागद कुठे जाईल सांगता येत नाही. तिथे विषय संपला.

आकडे आत, एका प्रकरणात गेले. प्रत्येकासोबत चार गोष्टी साध्या वाक्यात लिहिल्या: कुणाला विचारले, कुठे भेटून विचारले, कधी, आणि हा आकडा कुणाबद्दल काही सांगत नाही. शेवटची ओळ लिहायला सर्वांत वेळ लागला. पानाला अडीच आकडे बसतील अशी माझी अटकळ होती, एकच बसू लागला. संपादकांनी तक्रार केली नाही.

एक उदाहरण मुद्दाम दोन्ही अंगांनी दिले. जर्मनीत चार लाख देहविक्रय करणाऱ्या व्यक्ती आहेत असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. तो अंदाज नोंदणीच्या कितीतरी आधीचा, एका सल्ला केंद्राचा. सक्तीच्या नोंदणीनंतर २०१९ अखेर सरकारी नोंद होती सुमारे ४०,४००. एक गट म्हणाला, बघा, चार लाख खोटे. दुसरा म्हणाला, बघा, साडेतीन लाख जणी लपून आहेत. नोंदणी टाळणाऱ्या किती हे कुठलाच आकडा सांगत नाही. शिबिरात आम्ही आता हे दोन आकडे फळ्यावर लिहितो आणि विचारतो, खरे किती? पहिल्या अर्ध्या तासात खूप भांडण होते. ते होऊ देतो.

ब्रिटनचे उदाहरणही घेतले, कारण त्यात आकडा काढणारी बाईच पुढे त्याला आवरू पाहते. हिलरी किनेल यांनी १९९० च्या दशकात देहविक्रय करणाऱ्यांसोबत काम करणाऱ्या २९ प्रकल्पांना प्रश्नावली पाठवली, १७ जणांनी उत्तर दिले. एका प्रकल्पामागे देहविक्रय करणाऱ्यांची सरासरी ६६५ आली, देशभरातल्या १२० प्रकल्पांनी गुणले, सुमारे ८०,००० झाले. त्यांना स्वतःलाच तो कच्चा अंदाज वाटत होता. दहा वर्षांनीही तो धोरणाच्या चर्चेत पक्क्या मोजणीसारखा वावरत होता.

परिणाम

आवृत्ती ठरल्यापेक्षा उशिरा निघाली. आधी आमच्यासोबत शिबिरे घेणाऱ्या एका गटाने पुस्तिका ‘मवाळ’ झाली असे म्हणून साथ सोडली. उलट बाजूच्या काहींनी आमच्या दुरुस्तीचा एक परिच्छेद तोडून ‘तस्करीचे आकडे खोटे असल्याची संस्थेचीच कबुली’ असा फिरवला. याची भीती प्रशिक्षक ताईंनी बैठकीतच बोलून दाखवली होती आणि मी ती मनावर घेतली नव्हती. त्या परिच्छेदात ६३ लाखांचे वाक्य आधी आणि चुकीच्या आकड्याचे नंतर असते तर तोडणे अवघड गेले असते. दुसऱ्या छपाईत क्रम बदलला.

प्रशिक्षक ताई आणि माझ्यात काही महिने अवघडलेपण होते. त्यांची वर्षानुवर्षांची भाषणे त्या पाच आकड्यांवर उभी होती. आता त्या कोलोराडोच्या अभ्यासातले २०४ आणि २९ सांगतात, शहराचे नाव घेऊन. शिबिरात ती जागा आली की खोलीत शांतता पसरते. पूर्वी चौतीसला अशी शांतता होत नसे.

पुन्हा करायचे झाले तर

समुपदेशक ताईंकडे आधी जाईन. टिपणे घेऊन जाणार नाही, नुसती भेटायला जाईन आणि विचारेन की हा आकडा तुम्हाला कशासाठी लागतो.

माझ्या मताच्या बाजूचे आकडे आधी तपासेन, आणि ते दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घेईन, शक्यतो माझ्याशी न पटणाऱ्या माणसाकडून. प्रशिक्षक ताईंच्या फोनने हे केले. नियम म्हणून करायला हवे होते.

जुनी पुस्तिका घेऊन गेलेल्यांना दुरुस्तीचे पत्र नव्या आवृत्तीसोबतच पाठवायला हवे होते. आम्ही ते कितीतरी महिन्यांनी पाठवले. फार थोडी उत्तरे आली. त्यांतले एक पत्र एका निवारागृहातल्या कार्यकर्तीचे होते. तिने लिहिले होते की शिबिराहून परतल्यावर त्यांनी दाखल्याच्या फॉर्मवर ‘धंद्यात आल्याचे वय’ असा रकाना घातला, आणि अठराच्या आत आलेल्यांना जागा आधी मिळू लागली. बायकांना हे लगेच कळले. रेड पडल्यावर रात्री आणलेली, बाहेर कुठे झोपायची सोय नसलेली बाई वय कमी सांगणारच. वर्षअखेर त्यांनी फॉर्मांवरून सरासरी काढली तेव्हा ती १३ च्या अगदी जवळ आली. ती त्यांनी वार्षिक अहवालात छापली, आणि आमच्या पुस्तिकेचा आधार दिला.

बैठकीतल्या त्या प्रश्नाचे, थोडा इकडे तिकडे झाला तर काय बिघडले याचे, उत्तर मला त्या पत्रात मिळाले. सव्विसाव्या वर्षी आले असे खरे सांगितलेल्या एकीला त्यांनी जागा नाही म्हणून परत पाठवले होते. ती पुन्हा आली नाही, असे कार्यकर्तीने लिहिले होते. तो रकाना आता काढला आहे. त्या जागी ‘आज रात्री कुठे सुरक्षित राहता येईल का’ असे विचारतात.